तड्यांचे गणित मांडणारे ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ

पवनचक्कीचे पाते साच्यातून बाहेर काढल्यानंतर त्याच्या आत हवेची पोकळी राहिली आहे का, एखादा थर चिकटायचा राहिला आहे का, काचतंतूंना कोठे सुरकुती पडली आहे का, याची तपासणी आज जगभरातील कारखान्यांत केली जाते. दोष आढळल्यास तो तसाच ठेवायचा, दुरुस्त करायचा की संपूर्ण पाते बाद करायचे, हा निर्णय ज्या शास्त्राच्या आधारे घेतला जातो, त्याचा पाया ब्रिटिश अभियंता ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ यांनी घातला. काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये दडलेले विलक्षण सामर्थ्यही त्यांनी मोजून दाखविले. मात्र हे संशोधन त्यांना ऐन भरात असताना सोडावे लागले आणि त्याचे मोल जगाला उमगण्यास सुमारे तीन दशके जावी लागली.

बालपण आणि शिक्षण

ग्रिफिथ यांचा जन्म १३ जून १८९३ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील जॉर्ज ग्रिफिथ हे त्या काळातील लोकप्रिय विज्ञानकथा लेखक होते. विमानाचा शोध लागण्यापूर्वीच आकाशातून लढल्या जाणाऱ्या महायुद्धाची कल्पना त्यांनी आपल्या कादंबरीत रंगविली होती. ही कादंबरी मुलाच्या जन्मवर्षीच प्रसिद्ध झाली, हा एक योगायोगच म्हणावा लागेल. १९०६ मध्ये आयल ऑफ मॅन या बेटावर वडिलांचे निधन झाले. त्या वेळी ॲलन यांना तेरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

याच बेटावरील डग्लस येथील माध्यमिक शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे लिव्हरपूल विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला आणि १९१४ मध्ये प्रथम श्रेणीत पदवी मिळविली. त्याच विद्यापीठाने त्यांना १९१७ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९२१ मध्ये डॉक्टरेट प्रदान केली. पदवी हाती येते न येते तोच पहिल्या महायुद्धाला तोंड फुटले आणि १९१५ मध्ये ते फार्नबरो येथील शाही विमान कारखान्यात उमेदवार म्हणून रुजू झाले. कालांतराने ही संस्था रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या नावाने ओळखली जाऊ लागली.

साबणाच्या पापुद्र्यावरून ताणाचे मोजमाप

विमानाच्या भागांना पीळ बसला असता त्यांच्या आत नेमका किती ताण निर्माण होतो, हा त्या काळी अभियंत्यांपुढील मोठा प्रश्न होता. साध्या गोल दांड्याचे गणित करता येत असे, परंतु वेड्यावाकड्या छेदाच्या भागांचे गणित कागदावर सोडविणे जवळजवळ अशक्य होते. ग्रिफिथ आणि त्यांचे सहकारी जी. आय. टेलर यांनी यावर एक अत्यंत साधा उपाय अमलात आणला. धातूच्या पत्र्यात त्या भागाच्या छेदाच्या आकाराचे छिद्र पाडायचे, त्यावर साबणाच्या पाण्याचा पापुद्रा ताणायचा आणि खालून हवेचा किंचित दाब देऊन तो फुगवायचा. फुगलेल्या पापुद्र्याचा जेथे चढ अधिक, तेथे खऱ्या भागातील ताणही अधिक, असा या पद्धतीचा आधार होता. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी हे साम्य पूर्वीच दाखवून दिले होते. ग्रिफिथ आणि टेलर यांनी त्याला कार्यशाळेत उपयोगी पडेल असे रूप दिले.

१९१७ मध्ये या संशोधनाला ब्रिटनच्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचे टॉमस हॉक्सली सुवर्णपदक प्राप्त झाले. सहकाऱ्यांमध्ये ग्रिफिथ यांना साबणाच्या बुडबुड्यावरून टोपणनावही मिळाले.

काच का फुटते?

विमानांच्या यंत्रांतील फिरते भाग अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी भाराखाली तुटत असत आणि तुटण्याची सुरुवात बहुधा पृष्ठभागावरील एखाद्या ओरखड्यापाशी झालेली दिसे. १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस यांनी गणिताद्वारे असे दाखविले होते, की पत्र्याला छिद्र किंवा चीर असल्यास तिच्या टोकाशी ताण कित्येक पटींनी वाढतो. चीर जितकी अणकुचीदार, तितकी ही वाढ मोठी. मात्र या सूत्रातून एक विसंगती उद्भवत होती. चिरेचा आकार सारखाच असेल, तर ती केसाएवढी असो वा हातभर लांब, ताणातील वाढ सारखीच निघत असे. प्रत्यक्षात मात्र मोठी चीर लहान चिरेपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते, हा सर्वांचा अनुभव होता.

ग्रिफिथ यांनी या प्रश्नाकडे ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले. ताणलेल्या पदार्थात, ताणलेल्या रबराप्रमाणेच, ऊर्जा साठलेली असते. तडा पुढे सरकला, की त्याच्या आजूबाजूचा भाग सैल पडतो आणि तेथील ऊर्जा मोकळी होते. दुसऱ्या बाजूला, तडा पुढे सरकताना दोन नवे पृष्ठभाग निर्माण होतात आणि ते निर्माण करण्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. मोकळी होणारी ऊर्जा खर्चापेक्षा कमी असेल, तोपर्यंत तडा जागच्या जागी राहतो. ती खर्चाइतकी झाली, की तडा आपोआप पसरू लागतो आणि वस्तू क्षणार्धात तुटते. जमाखर्चाच्या या साध्या हिशेबातून त्यांनी एक सूत्र मांडले. तड्याची लांबी चौपट झाली, तर वस्तू तोडण्यास लागणारा ताण निम्म्यावर येतो, असा त्याचा अर्थ होता. प्रत्येक भारासाठी तड्याची एक धोकादायक लांबी असते, ही कल्पना यातूनच पुढे आली.

हे सूत्र पडताळून पाहण्यासाठी त्यांनी काचेची निवड केली. काच लवचिकपणे वागते आणि धातूप्रमाणे वाकून न बसता सरळ तुटते, हे त्याचे कारण होते. काचेचे पोकळ गोळे आणि नळ्या घेऊन त्यांनी त्यांवर ठराविक लांबीचे तडे पाडले आणि आतून दाब देऊन ते फोडले. काच वितळलेल्या अवस्थेत असताना तिचा पृष्ठताण मोजून, त्यावरून सामान्य तापमानाला नवा पृष्ठभाग निर्माण करण्यास किती ऊर्जा लागेल, याचाही अंदाज त्यांनी बांधला. प्रयोगांचे निष्कर्ष सूत्राशी समाधानकारकरीत्या जुळले.

काचतंतूंचे रहस्य

तथापि एक कोडे शिल्लक होते. काचेच्या कणांमधील बंध लक्षात घेता ती प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पट मजबूत असावयास हवी होती. साध्या काचेतही डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म तडे असले पाहिजेत आणि तेच तिचे सामर्थ्य हिरावून घेत असले पाहिजेत, असा तर्क ग्रिफिथ यांनी केला. हा तर्क खरा असेल, तर काचेचा अतिशय बारीक तंतू ओढल्यास त्यात मोठा तडा मावण्यास जागाच उरणार नाही आणि तो तंतू विलक्षण मजबूत ठरेल.

त्यांनी काच तापवून तिचे तंतू ओढले आणि ते तुटेपर्यंत ताणले. सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या तंतूचे सामर्थ्य प्रत्येक चौरस इंचाला सुमारे २४,९०० पौंड भरले. तंतू जसजसा बारीक होत गेला, तसतसे हे सामर्थ्य वाढत गेले. मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढ्या जाडीच्या तंतूने प्रत्येक चौरस इंचाला सुमारे ४,९१,००० पौंड भार पेलला. म्हणजेच पदार्थ तोच असताना केवळ बारीक झाल्यामुळे त्याचे सामर्थ्य जवळजवळ वीस पटींनी वाढले होते. हे सर्व निष्कर्ष ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला सादर केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

या निबंधात दोन मोठ्या गोष्टी सामावलेल्या होत्या. दोषाची लांबी आणि वस्तूचे सामर्थ्य यांचे नाते काय, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याचबरोबर, ठिसूळ समजल्या जाणाऱ्या काचेपासून अत्यंत मजबूत सामग्री तयार होऊ शकते, याचीही चाहूल लागली. १९२४ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी याच विषयावर पुन्हा मांडणी केली. त्यानंतर मात्र या विषयावरील त्यांचे काम थांबले.

अपघाताने थांबलेले संशोधन

हे काम थांबण्यामागील हकिकत साहित्यशास्त्राचे अभ्यासक जे. ई. गॉर्डन यांनी आपल्या पुस्तकात नोंदविली आहे. त्यानुसार, ग्रिफिथ यांचे सहायक बेन लॉकस्पायझर यांच्या हातून एका संध्याकाळी काच वितळविण्याची गॅसची शेगडी चालूच राहिली आणि प्रयोगशाळेला आग लागली. चौकशीअंती वरिष्ठांनी काचेवरील प्रयोग बंद करण्याचा आदेश दिला. विमान बनविणाऱ्या संस्थेने काचेवर वेळ का दवडावा, अशी अधिकाऱ्यांची धारणा होती. ग्रिफिथ यांना इंजिनांच्या कामाकडे वळविण्यात आले. लॉकस्पायझर यांच्या कारकिर्दीला मात्र या प्रसंगाने बाधा आली नाही. ते पुढे युरोपीय अणुसंशोधन संस्था सर्नच्या परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले.

अभियंत्यांनाही या सिद्धान्ताची फारशी निकड भासली नाही. त्यांच्या नित्य वापरातील पोलाद काचेसारखे फुटत नसे. तुटण्यापूर्वी ते ताणले जाई, वाकत असे. त्यामुळे ग्रिफिथ यांचे सूत्र काचेपुरतेच मर्यादित आहे, असा समज रूढ झाला.

जेट इंजिनाकडे

इंजिनांच्या क्षेत्रातही ग्रिफिथ यांनी आपली छाप उमटविली. तोपर्यंतच्या टर्बाइनची आणि हवा दाबणाऱ्या यंत्रांची पाती सपाट असत आणि त्यांच्यावरून हवा सुरळीत वाहत नसे. या पात्यांना विमानाच्या पंखासारखा आकार दिल्यास इंजिनाची कार्यक्षमता मोठ्या प्रमाणात वाढेल, असे त्यांनी १९२६ मधील आपल्या अहवालात सिद्ध केले. हवा सरळ रेषेत एकामागून एक पात्यांच्या रांगांतून दाबत नेणाऱ्या इंजिनांची ही सुरुवात होती. आजची प्रवासी विमाने याच तत्त्वावर उडतात.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक वादग्रस्त प्रसंगही याच काळात घडला. १९२९ च्या अखेरीस फ्रँक व्हिटल हा तरुण हवाई दल अधिकारी आपल्या जेट इंजिनाची कल्पना घेऊन त्यांच्याकडे आला. ग्रिफिथ यांनी त्याच्या गणितातील एक चूक दाखवून दिली आणि ही योजना व्यवहार्य नसल्याचे मत दिले. त्या काळी उपलब्ध असलेल्या धातूंना इतके तापमान सोसणार नाही, अशी शंका घेण्यास जागा होती. शिवाय जेटच्या झोतापेक्षा टर्बाइनने पंखा फिरविणे अधिक योग्य, असे ग्रिफिथ यांचे स्वतःचे मत होते. हवाई मंत्रालयाने व्हिटल यांना मदत नाकारली. व्हिटल यांनी १९३० मध्ये स्वतःच्या बळावर पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३७ मध्ये आपले इंजिन चालवून दाखविले. आपले संशोधन वरिष्ठांच्या अदूरदृष्टीपायी थांबल्याचा अनुभव घेतलेल्या ग्रिफिथ यांच्याकडूनच दुसऱ्या एका संशोधकाची वाट काही काळ अडविली गेली, याची नोंद त्यांच्या चरित्रात घ्यावीच लागते.

१९३१ मध्ये फार्नबरोला परतून त्यांनी तेथील इंजिन संशोधनाचे नेतृत्व केले आणि १९३९ मध्ये ते रोल्स-रॉइस या कंपनीत दाखल झाले. डर्बीजवळील डफील्ड येथील एका जुन्या वास्तूत, कारखान्याच्या गजबजाटापासून दूर, ते बहुतांशी एकट्यानेच काम करीत. त्यांच्या काही कल्पना अतिगुंतागुंतीच्या ठरून मागे पडल्या. मात्र त्यांच्या आराखड्यातून ॲव्हॉन हे इंजिन उदयाला आले आणि ते हजारोंच्या संख्येने तयार झाले. भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा आणि हंटर या विमानांत हेच इंजिन होते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत या विमानांनी महत्त्वाची कामगिरी बजावली. काही हवा इंजिनाच्या गाभ्याला वळसा घालून नेण्याची कल्पनाही ग्रिफिथ यांनी पुढे रेटली. त्यातून साकारलेले कॉनवे इंजिन १९६० मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात आलेल्या बोइंग ७०७ विमानांना बसविलेले होते.

विमान धावपट्टीशिवाय सरळ वर उचलण्याच्या तंत्रावरही त्यांनी काम केले. उडता पलंग या गमतीदार नावाने ओळखल्या गेलेल्या प्रायोगिक यंत्राने ऑगस्ट १९५४ मध्ये पहिले मुक्त उड्डाण केले. १९४१ मध्ये ग्रिफिथ यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली आणि १९४८ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा सीबीई हा किताब मिळाला. १९६० मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि १३ ऑक्टोबर १९६३ रोजी फार्नबरो येथे वयाच्या ७० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तुटलेल्या जहाजांनी दिलेला धडा

दरम्यान, त्यांचा विस्मृतीत गेलेला सिद्धान्त पुन्हा चर्चेत आला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लोखंडी पत्रे जोडकामाने जोडून मोठ्या संख्येने जहाजे बांधली. जानेवारी १९४३ मध्ये स्केनेक्टडी हे नवे तेलवाहू जहाज ओरेगॉन राज्यातील बंदरात उभे असतानाच दुभंगले. इतरही अनेक जहाजांना मोठे तडे गेले. पोलाद ठिसूळपणे तुटू शकते, हे आता नाकारणे शक्य नव्हते.

अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील जॉर्ज अर्विन यांनी ग्रिफिथ यांचा जमाखर्च धातूंसाठी विस्तारला. धातूत तडा सरकताना नव्या पृष्ठभागाखेरीज, टोकाशी धातू ताणला जाण्यातही मोठी ऊर्जा खर्च होते, हे त्यांनी विचारात घेतले. १९५० च्या दशकात यातून भंगशास्त्र ही स्वतंत्र ज्ञानशाखा आकाराला आली. तडा सरकताना मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेसाठी या शास्त्रात वापरले जाणारे जी हे अक्षर ग्रिफिथ यांच्या नावाचे आद्याक्षर आहे.

पवनचक्कीच्या पात्यात ग्रिफिथ

पवनचक्कीच्या इतिहासातही तड्याने आपली किंमत वसूल केली आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९४१ मध्ये उभारलेली सव्वा मेगावॅटची पवनचक्की त्या काळी जगातील सर्वांत मोठी होती. तिच्या पोलादी पात्याच्या मुळाशी कमकुवतपणा असल्याचे आधीच ध्यानात आले होते. परंतु युद्धकाळातील टंचाईमुळे तो दूर करण्यात आला नाही. मार्च १९४५ मध्ये सुमारे ८ टन वजनाचे पाते तुटून दूर फेकले गेले आणि तो प्रकल्प तेथेच संपला.

१९५७ मध्ये उलरिख ह्युटर यांनी जर्मनीत ३४ मीटर व्यासाची पवनचक्की उभारली. तिची पाती राळेत बसविलेल्या काचतंतूंची होती. फार्नबरोच्या प्रयोगशाळेत ज्या काचेला निरुपयोगी ठरविण्यात आले, तिच्याच तंतूंनी आज शंभर मीटरहून लांब पाती पेलली आहेत. लाखो तंतूंपैकी एखादा तुटला, तरी राळ आणि तंतू यांच्या सीमेवर तडा अडतो किंवा वळतो. त्यामुळे एकसंध काचेप्रमाणे ही सामग्री एकदम फुटत नाही.

मात्र दोष पूर्णपणे टळत नाहीत. पाते तयार करताना काचतंतूंच्या कापडाचे थर साच्यात एकावर एक पसरून, हवा शोषून घेऊन त्यांत राळ भरली जाते. त्यानंतर पात्याची दोन कवचे आणि आतील आडवे आधार एकमेकांना चिकटविले जातात. या प्रक्रियेत राळ न पोहोचलेली कोरडी जागा, हवेचे बुडबुडे, थरांमधील सुरकुती आणि अपुरा चिकटलेला सांधा हे दोष राहू शकतात. पाते सुमारे २० ते २५ वर्षे फिरत असते आणि त्या काळात त्यावरील भार दहा कोटींहून अधिक वेळा वरखाली होतो. प्रत्येक आवर्तनागणिक दोषाच्या कडेपासून थर किंचित सुटत जातात आणि सुटलेली जागा ग्रिफिथ यांनी सांगितलेल्या धोकादायक लांबीकडे सरकत राहते.

म्हणूनच पाते कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीची तपासणी निर्णायक ठरते. अनुभवी कामगार पृष्ठभागावर ठोके देऊन आवाजातील फरकावरून सुटलेला थर ओळखतात. श्राव्यातीत ध्वनिलहरी पात्यात सोडल्यास त्या पोकळीवरून किंवा न चिकटलेल्या सांध्यावरून परावर्तित होतात आणि दोषाची खोली व लांबी कळते. मात्र काचतंतूंच्या जाड थरांत या लहरी लवकर क्षीण होतात, त्यामुळे तुलनेने कमी वारंवारतेच्या लहरी वापराव्या लागतात. अवरक्त कॅमेऱ्याने उष्णतेच्या वहनातील फरक टिपूनही पृष्ठभागालगतचे दोष दिसतात. सुरकुती ओळखणे तुलनेने कठीण असते, कारण तेथे पोकळी नसते, केवळ तंतूंची दिशा बदललेली असते. दोषाची लांबी हाती आल्यावर, ती धोकादायक लांबीपेक्षा किती कमी आहे आणि तेथवर पोहोचण्यास किती वर्षे लागतील, याचा हिशेब केला जातो.

हा हिशेब चुकल्यास काय घडते, याचे उदाहरण जुलै २०२४ मध्ये पाहावयास मिळाले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यालगतच्या व्हाइनयार्ड विंड या सागरी प्रकल्पातील १०७ मीटर लांबीचे पाते तुटले आणि त्याचे तुकडे नॅन्टकेट बेटाच्या किनाऱ्यावर वाहून आले. उत्पादनाच्या वेळी सांधा पुरेसा चिकटला नव्हता आणि तपासणीत हा दोष लक्षात यावयास हवा होता, असे उत्पादक कंपनी जीई व्हर्नोव्हाने जाहीर केले. त्यानंतर कारखान्यात तयार झालेल्या सुमारे १५० पात्यांच्या श्राव्यातीत तपासणीच्या नोंदी पुन्हा पडताळण्यात आल्या.

भारतासाठीही हा विषय दूरचा नाही. देशाची पवनऊर्जा क्षमता मार्च २०२५ अखेर ५० गिगावॅटवर पोहोचली. तमिळनाडूतील मुप्पंडल, गुजरातचा किनारा आणि साताऱ्याजवळील वनकुसवडेचे पठार येथे हजारो पाती वाऱ्यावर फिरत आहेत. जुन्या पवनचक्क्यांचे आयुष्य संपत आले असून त्या आणखी किती काळ चालवाव्यात, हा प्रश्न अनेक ठिकाणी उभा आहे. त्याचे उत्तर पात्याच्या आतील दोष किती मोठा झाला आहे, यावर अवलंबून राहील आणि ते शोधताना अभियंत्यांना ग्रिफिथ यांच्या १९२० मधील सूत्राचाच आधार घ्यावा लागेल.